गोळी चुकत नाही, मग तपासणी का चुकते?

मैत्रिणींनो, घरातल्या तारखा सांभाळायचं काम आपल्याच वाट्याला आलेलं असतं. विजेचं बिल, गॅसचा नंबर, धाकट्याची लस, सासूबाईंची साखरेची तपासणी, यांतली एकही तारीख आपण विसरत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सगळं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. पण त्या कॅलेंडरवर तुमच्या स्वतःच्या तपासणीची एखादी तारीख आहे का? जरा आठवून बघा.

आज मला अशाच एका तारखेविषयी लिहायचं आहे. विषय अवघड आहे, हे आधीच सांगते. एचआयव्ही आणि कॅन्सर ही दोन नावं जोडीनं आली की पान उलटावंसं वाटतं. पण कृपा करून उलटू नका. आपल्या देशात सुमारे पंचवीस लाख लोक एचआयव्हीसह जगताहेत, त्यांत चाळीस टक्क्यांहून जास्त बायका आहेत, आणि संख्येनं पाहिलं तर सर्वांत जास्त लोक आपल्या महाराष्ट्रात आहेत. यातल्या पुष्कळ जणी तुमच्या-माझ्यासारख्या लग्न करून नांदणाऱ्या बायका आहेत. हे वाचणाऱ्यांतही कुणी असेल. तिच्यासाठी तर हे लिहिते आहेच. पण ज्यांना हा आजार नाही, त्यांच्याही उपयोगाचं यात पुष्कळ आहे.

आमचं सारसोळे म्हणजे नेरुळमधलं जुनं आगरी-कोळ्यांचं गाव. एका अंगाला शहराच्या इमारती, दुसऱ्या अंगाला पाम बीचचा रस्ता आणि त्यापलीकडे खाडी. गावठाणात घराला घर लागून आहे, त्यामुळे एका घरातली फोडणी दुसऱ्या घरात कळते, तशी बातमीही कळते. अशा ठिकाणी राहणाऱ्या एका वहिनींची ही हकिगत आहे. नाव मी देणार नाही, घराची खूणही सांगणार नाही. पण ‘ताई, लिहा तुम्ही, कुणाला तरी उपयोग होईल,’ असं त्यांनीच मला सांगितलं.

वहिनींना एचआयव्ही आहे. तो आला नवऱ्याकडून. नवरा आजारी पडला, तपासणीत त्याचं निघालं, मग हिचं निघालं. तो २०११ साली गेला. तेव्हापासून रात्री जेवणं झाली, भांडी घासून झाली की वहिनींची गोळी ठरलेली. लग्नाला जायचं असो, गावची जत्रा असो, पर्समध्ये गोळी असतेच. दोन मुलांना त्यांनी वाढवलं, मुलीचं लग्न केलं, स्वतःचं काम सांभाळलं. आज त्यांच्याकडे पाहून कुणाला शंकाही येणार नाही. रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झालेला आहे.

अशा या वहिनींना एआरटी केंद्रातल्या सिस्टरनी विचारलं, ‘पिशवीच्या तोंडाची तपासणी कधी केली होतीत?’ वहिनींनी कधीच केली नव्हती. दर खेपेला सिस्टर चिठ्ठी लिहून द्यायच्या आणि दर खेपेला ती चिठ्ठी फायलीत जायची. मी विचारलं तर म्हणाल्या, ‘अहो ताई, मला काही त्रासच नाही. आणि एका रोगाचं नाव घेऊन इतकी वर्षं काढली, आता दुसरं नाव कशाला ऐकायचं?’

यावर काय बोलणार, सांगा! पण ही तपासणी एचआयव्ही असलेल्या बाईला इतक्या आग्रहानं का सांगतात, हे समजून घेतलं तर वहिनींचं म्हणणं कुठं चुकतं ते लक्षात येईल.

एड्स हा आजार जगाला कळला तोच मुळी काही अंशी एका कॅन्सरमुळे. १९८१ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांना तरुण माणसांमध्ये कापोसी सार्कोमा नावाचा एरवी दुर्मिळ असलेला कातडीचा कॅन्सर दिसू लागला, आणि या लोकांची प्रतिकारशक्ती कशानं ढासळते आहे याचा शोध सुरू झाला. आपल्याकडे चित्र निराळं आहे. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात २००१ ते २००५ या काळात आलेल्या, एचआयव्ही असलेल्या २५१ कॅन्सर रुग्णांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात कापोसी सार्कोमाचा रुग्ण आढळला नाही. जास्त प्रमाणात दिसले ते रसग्रंथींचे कॅन्सर, ज्यांना लिम्फोमा म्हणतात, आणि बायकांमध्ये गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. आपण बोलताना सरसकट ‘पिशवीचा कॅन्सर’ म्हणतो, तो आपल्याकडे पुष्कळदा हा पिशवीच्या तोंडाचाच असतो.

जगभरातली आकडेवारी एकत्र करून तज्ज्ञांनी २०२१ च्या सुमारास सांगितलं, की एचआयव्ही असलेल्या बाईला हा कॅन्सर होण्याचा धोका इतर बायकांच्या सहापट असतो. सहापट! त्यातून आपल्या देशात हा आजार आधीच फार. २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख २७ हजार बायकांना तो नव्यानं झाल्याचा आणि जवळजवळ ८० हजार बायका त्यानं दगावल्याचा अंदाज आहे.

असं का होतं? या कॅन्सरच्या मुळाशी एचपीव्ही नावाचा एक वेगळाच विषाणू असतो. हे शोधून काढणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळालं. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि तो इतका सर्रास आहे, की संसार करणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी तो गाठतोच. त्यात कुणाच्या चारित्र्याचा प्रश्न नाही, एवढं मनाशी पक्कं करा. बहुतेक जणींच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो, कारण आपली प्रतिकारशक्ती त्याला हुसकावून लावते. काही थोड्या जणींच्या पिशवीच्या तोंडाशी मात्र तो ठाण मांडून बसतो, आणि हळूहळू तिथल्या पेशी बिघडवतो.

प्रकृती धडधाकट असेल तर या बिघाडाचा कॅन्सर व्हायला पंधरा-वीस वर्षं लागतात. प्रतिकारशक्ती खालावलेली असेल, एचआयव्हीवर उपचार सुरू नसतील, तर हेच पाच ते दहा वर्षांत होऊ शकतं. एआरटीच्या गोळ्या लवकर सुरू केल्या आणि नियमित घेतल्या तर प्रतिकारशक्ती सावरते आणि धोका कमी होतो. पण तो पार नाहीसा होत नाही. गोळी एचआयव्हीवर चालते, एचपीव्हीवर चालत नाही. म्हणून गोळी एकीकडे आणि तपासणी एकीकडे, दोन्ही लागतात.

वहिनींचा आणखी एक मुद्दा होता, आणि तो मी इतरही बायकांच्या तोंडून ऐकला आहे. ‘नवरा जाऊन इतकी वर्षं झाली. आता माझा कुणाशी संबंध नाही. मग मला कशाला ती तपासणी?’ ऐकायला पटतं, नाही? पण आत्ताच सांगितलं ना, हा विषाणू वर्षानुवर्षं आत राहू शकतो. पंधरा वर्षांपूर्वी आलेला आज उपद्रव देऊ शकतो. नवरा गेला, पाळी गेली, म्हणून ही तपासणी सुटत नाही.

आणि ‘त्रास नाही’ हे तर कारणच नव्हे. पेशी नुकत्या बिघडायला लागलेल्या असतात तेव्हा दुखत नाही, खुपत नाही, अंगावर काही जात नाही. त्रास नसताना पकडायचं, यासाठीच तर तपासणी असते. त्रास सुरू होतो तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो.

खरी अडचण वेगळीच होती, ती वहिनींनी शेवटी सांगितली. मागे एका दवाखान्यात त्या गेल्या होत्या, तेव्हा तिथल्या बाईनं सगळ्यांच्या देखत मोठ्यानं ‘या त्या पेशंट का?’ असं विचारलं होतं. दवाखाना कुठला, ते राहू द्या. पण बाकावर बसलेल्या बायका सरकून बसल्या, हे वहिनी विसरलेल्या नव्हत्या. आतल्या तपासणीची लाज एकवेळ माणूस गिळतं. पण अशी वागणूक नाही गिळली जात.

मैत्रिणींनो, हे माहीत असू द्या, की असं करायला कायद्यानं बंदी आहे. एचआयव्ही आणि एड्सविषयीचा कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. रुग्णाच्या संमतीवाचून तिच्या आजाराची वाच्यता करता येत नाही, आणि एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. कायदा आहे म्हणून सगळे लगेच सुधारतात असं नाही; पण आपल्या बाजूनं काहीतरी आहे हे ठाऊक असलं की पाऊल जरा घट्ट पडतं.

शेवटी वहिनी निघाल्या, त्या माझ्याबरोबर. शेजारणी विचारतील तर काय सांगायचं, हा प्रश्न होता. मी म्हटलं, ‘त्यात काय? दोघी तपासून येऊ. बायकांची तपासणी आहे, दोघींनाही लागू आहे.’ आणि खरंच होतं ते. आपल्या सरकारच्या कार्यक्रमात तीस वर्षांवरच्या सगळ्या बायकांसाठी ही तपासणी आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की एरवी तिशीनंतर दर पाच ते दहा वर्षांनी एचपीव्हीची तपासणी करावी. आणि एचआयव्ही असेल तर पंचविशीपासून, दर तीन ते पाच वर्षांनी. तुमचे डॉक्टर याहून लवकर बोलावतील तर जरूर जा.

तपासणी कशी असते म्हणाल, तर तिच्यातला एक प्रकार ऐकून तुम्हाला स्वयंपाकघरच आठवेल. आपण चायनीज करताना व्हिनेगार वापरतो ना? त्यात असतं तेच आम्ल, ठरावीक प्रमाणात पातळ केलेलं, डॉक्टर किंवा शिकलेली आरोग्यसेविका कापसाच्या बोळ्यानं पिशवीच्या तोंडाला लावते. मिनिटभर थांबायचं. बिघडलेल्या पेशी असतील तिथं पांढरा डाग उठतो. झालं! (घरी असला प्रयोग कुणीही करायचा नाही, हे सांगायला नको.) दुसरा प्रकार पॅपचा, त्यात पेशी पुसून काचेवर घेतात. तिसरा एचपीव्हीचा, त्यात बोळ्यावर नमुना घेऊन विषाणूच शोधतात. हा नमुना काही ठिकाणी बाईला स्वतःचा स्वतःही घेता येतो. पाळी गेलेल्यांना व्हिनेगारची तपासणी तितकीशी उपयोगी पडत नाही, त्यांनी पॅप किंवा एचपीव्हीबद्दल विचारावं.

एवढ्याशानं काय होणार, असं मनात येईल. तर आपल्याच राज्यातली दोन उदाहरणं सांगते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटा हॉस्पिटलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ पासून दीड लाख बायकांवर मोठा अभ्यास केला. तपासणारी डॉक्टरमंडळी नव्हती; थोडंफार शिकलेल्या मुलींना चार आठवडे शिकवून तयार केलं होतं. ही व्हिनेगारची तपासणी दर दोन वर्षांनी झाली, त्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. हे निष्कर्ष २०१३ साली जाहीर झाले. तिकडे उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या साथीनं सव्वा लाखाहून जास्त खेड्यातल्या बायकांचा अभ्यास झाला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्हीच्या तपासणीनं तिथं या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. हे दोन्ही अभ्यास सर्वसाधारण बायकांचे होते. धोका सहापट असलेल्या बाईला तपासणी किती मोलाची, याचा हिशेब तुम्हीच करा.

आमची तपासणी दहा मिनिटांत आटोपली. माझं काही निघालं नाही. वहिनींच्या तपासणीत पांढरा डाग दिसला. डॉक्टरीणबाईंनी कणभर तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस कसे गेले ते विचारू नका. वहिनी जेवायला बसायच्या आणि तशाच उठायच्या. रिपोर्ट आला तेव्हा कळलं, की कॅन्सर नाही, पण कॅन्सरच्या अलीकडची पायरी आहे. उपाय काय, तर एका छोट्या उपकरणाच्या उष्णतेनं तेवढी जागा नष्ट करायची. मिनिटाभराचं काम. भूल नाही, टाके नाहीत, पिशवी काढणं नाही. त्याच दिवशी वहिनी घरी आल्या. पुढं काही आठवडे अंगावरून पाण्यासारखं जात होतं, ते जाणारच असं डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. वर्षानं पुन्हा बोलावलं होतं, त्या तपासणीत जागा स्वच्छ निघाली. पुढची तारीख आता त्यांच्या कॅलेंडरवर आहे.

ही चिठ्ठी आणखी पाच वर्षं फायलीत राहिली असती तर? वहिनी हा प्रश्न स्वतःच विचारतात.

आता काही कामाच्या गोष्टी सांगते.

तपासणीला पाळी नसताना जा. आदले दोन दिवस शरीरसंबंध, आत ठेवायची औषधं, आतून धुणं हे टाळा. साडी किंवा सैल परकर असला म्हणजे अवघडल्यासारखं होत नाही. स्त्री-डॉक्टर हवी असेल तर तसं सांगा, त्यात संकोच नको. बरोबर कुणाला तरी घ्या. रिपोर्ट हातात घेऊन फायलीत लावा आणि पुढची तारीख विचारूनच खुर्चीवरून उठा. उष्णतेचा उपचार झाला असेल तर महिनाभर शरीरसंबंध नको. ताप आला, घाण वास आला किंवा फार रक्त गेलं तर लगेच दाखवा.

संबंधानंतर रक्त दिसणं, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी बंद झाल्यावर रक्त जाणं, वास येणारं पांढरं किंवा लालसर पाणी जाणं, ही लक्षणं दिसली तर तारखेची वाट पाहायची नाही.

एचआयव्ही असलेल्या घरात आणखी एका गोष्टीकडे लक्ष ठेवा, मग पेशंट बाई असो की पुरुष. मानेत, काखेत गाठी येणं, जांघेत अवधाण आल्यासारखी गाठ येऊन ती न बसणं, ताप, रात्री घाम, वजन उतरणं, यामागे क्षय असू शकतो तसा लिम्फोमाही असू शकतो. दोन्हींची लक्षणं इतकी सारखी, की गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय कळत नाही. क्षयाची औषधं घेऊनही गाठ कमी होत नसेल तर डॉक्टरांना पुन्हा विचारा. ‘ब’ प्रकारच्या काविळीची तपासणी आणि लस यांचंही विचारून घ्या, कारण ती कावीळ पुढं यकृताच्या कॅन्सरला वाट करून देते.

आणि मशेरी! सकाळी मशेरी लावल्याशिवाय ज्यांचा दिवस उगवत नाही अशा बायका आपल्या आसपास कमी नाहीत. ती भाजलेली तंबाखूच आहे. तोंडाच्या कॅन्सरचं ते उघडं आमंत्रण. आजारानं अंग आधीच झगडत असताना त्यात ही भर कशाला?

मुलींच्या आयांसाठी एक सांगते. एचपीव्हीवर लस आहे, आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं तयार केलेली आपल्या देशातली लस २०२३ साली बाजारात आली. नऊ ते चौदा हे तिचं उत्तम वय. ज्या मुलीला एचआयव्ही आहे तिला एक डोस पुरत नाही, निदान दोन आणि जमलं तर तीन द्यावेत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लस घेतली तरी मोठेपणी तपासणी करायचीच.

जायचं कुठं, हा प्रश्न पडला असेल तर एआरटी केंद्रातल्या सिस्टरना विचारा, जवळच्या सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयातल्या स्त्रीरोग विभागात विचारा. एचआयव्हीविषयी काहीही विचारायचं असेल तर १०९७ या क्रमांकावर फुकट फोन करता येतो, नाव सांगावं लागत नाही. आम्हा नेरुळकरांना तर नशिबानं कॅन्सरचं मोठं केंद्रही लांब नाही. सीवूड्स, बेलापूर आणि पुढचं खारघर स्टेशन, तिथं टाटाचं केंद्र आहे. पण वेळेवर तपासलं तर इतक्या पुढं जायची पाळी सहसा येत नाही.

आणि ज्यांना हा आजार नाही त्या मैत्रिणींना एक विनंती आहे. तुमच्या ओळखीत कुणी वहिनी, कुणी मावशी, कुणी जाऊ अशी असेल, तर तिला उपदेश करू नका. तिला म्हणा, ‘मला जायचंय तपासायला, एकटीला कसंसंच होतं, चला ना बरोबर.’ रांगेत दोघी बसल्या की कोण कशासाठी आली आहे, हे कुणाला कळत नाही. तुमचीही तपासणी होईल, आणि तिची फायलीतली चिठ्ठी बाहेर निघेल.